कच्ची आवृत्ती आणि माझ्या चुकांची वही

"तुला कंप्युटर येतो का?" ताईंनी विचारलं.

"नाही."

"इंग्रजी?"

"अक्षरं ओळखतो. पाट्या वाचतो. त्यापुढं नाही."

"शाळा कितवीपर्यंत?"

"नववीत सोडली."

"उत्तम," ताई म्हणाल्या.

माझ्या न येण्याला उत्तम म्हणणारं माणूस मला तोवर भेटलं नव्हतं. मला वाटलं, चेष्टा चाललीय. मी मंडळाच्या जिन्यात रिकाम्या पातेल्याशेजारी बसलो होतो. खोकल्याची उबळ नुकतीच ओसरली होती, डोळ्यांत पाणी होतं. वर हॉलमध्ये गणपतीच्या जेवणाची दुसरी पंगत बसली होती. कोलकात्यात मराठी माणसं तशी मोजकीच. बँकेतले, रेल्वेतले, फोर्ट विल्यमला बदलून आलेले लष्करातले, अलीकडं कंप्युटरवाले. आणि मग आम्ही, सांगलीकडून येऊन बऊबाजारात सोनं गाळणारे. वर्षभर त्यांचं जग वेगळं, आमचं वेगळं. गणपतीत मात्र पातेली आम्ही उचलतो आणि आरतीला सगळे एका ओळीत उभे राहतो. ताई डमडमला राहायच्या, सेक्टर फाइव्हमधल्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होत्या. माझी त्यांची ओळख मंडळाच्या पुस्तकांच्या कपाटापुरती. कपाटाची किल्ली त्यांच्याकडं असायची.

त्या सरळ पायरीवर बसल्या आणि समजावून सांगू लागल्या. कंप्युटर चालू केल्यावर जे पहिल्यांदा समोर येतं, ज्याच्या जिवावर बाकी सगळं चालतं, ती अख्खी व्यवस्था नवी येणार आहे. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात तिला. बाजारात येण्याआधी तिची कच्ची आवृत्ती काही लोकांना वापरायला देतात. "भाजी उतरवायच्या आधी आपण मीठ बघतो ना, तसं." ती मराठीतही येणार होती, आणि मराठीचं मीठ बघायचं काम त्यांच्या कंपनीकडं आलं होतं.

"मंडळातले सगळे साहेबलोक जरा अडलं की इंग्रजी करून टाकतात," ताई म्हणाल्या. "आमची मुलं मराठी वाचतात ती शब्दाखाली बोट ठेवून. मला असा माणूस हवाय ज्याला मराठीशिवाय गत्यंतर नाही. तू कपाटातली निम्मी पुस्तकं नेऊन वाचलीयस, रजिस्टर बघितलं मी."

तीन महिन्यांचं काम होतं. "जमलं तर पुढे कायम करून घ्यायचा प्रयत्न करीन. माझ्याच हातात आहे असं नाही, पण तिथे माझ्या शब्दाला वजन आहे."

त्याच्या आधीच्या महिन्यात सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी माझ्या छातीचा फोटो उजेडासमोर धरून विचारलं होतं, "काम क्या करते हो?" मी सांगितलं. तेजाबात, म्हणजे ॲसिडात, सोनं उकळतो तेव्हा लालसर धूर निघतो, तो कसा छतापर्यंत चढतो, तेही सांगितलं. ते म्हणाले, "वो काम छोड़ दो. नहीं तो..." आणि वाक्य पुरं न करता त्यांनी फाईल मिटली. ते अर्धं वाक्य मी खिशात घालून हिंडत होतो. भट्टी सोडायची तर जायचं कुठं? नववी नापास माणसाला भट्टीबाहेर कोण उभं करतं? आणि इथं जिन्यात बसून एक बाई मला एसीत खुर्ची देत होती. मी त्यांच्या पाया पडलो. त्या पाय मागं घेत म्हणाल्या, "अरे, वेडा आहेस का!"

---

इथं मामांबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढं जे झालं त्याचं मूळ तिथं आहे. त्यात मामांना दोष देत नाही.

सोळाव्या वर्षी मामांनी मला गावाहून आणलं, ते थेट भट्टीपुढं बसवलं. त्यांच्या गाळ्यात एक रीत होती. संध्याकाळी भट्टी निवली की सगळ्यांनी गोल बसायचं आणि ज्याने त्याने आपली त्या दिवसाची चूक सांगायची. मूस तडकली, विस्तव जास्त झाला, तेजाब लवकर ओतलं, जे असेल ते. मग ती चूक वहीत लिहायची. सोनं वजनाला कमी भरलं तर गिऱ्हाइकाला 'तुमच्या मालात खोट होती' असं म्हणायचं नाही. आधी आपली फरशी झाडायची, धूळ गाळायची, आपला हात तपासायचा.

"सोनं चुकत न्हाई लेका, हात चुकतो," मामा म्हणायचे. "परमुलखात धंदा करतोय आपण. दुसऱ्याकडं बोट दाखवलं की धंदा उठला म्हणून समज."

वीस वर्षं मी तसंच केलं. माझ्या तशा चार वह्या भरल्या होत्या. सेक्टर फाइव्हला जायच्या पहिल्या दिवशी शियालदा स्टेशनाबाहेरच्या दुकानातून मी पाचवी वही घेतली, आणि मेट्रोत बसून पहिल्या पानावर नेहमीसारखं लिहिलं : माझ्या चुका.

---

खोली थंडगार होती. दोन टेबलं, दोन कंप्युटर, एक खिडकी, तीही न उघडणारी. मी कंप्युटर चालू करण्याआधी त्याला हात लावून कपाळाला लावला. भट्टी पेटवताना लावतो तसा. दुसऱ्या टेबलावरचे गृहस्थ ते चष्म्यावरून बघत होते.

ते बंगालीचं मीठ बघायला आले होते. साठी उलटलेली, झब्बा, पानाचा डबा. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम केलेलं. मी त्यांना दादा म्हणायचो, ते मला 'ओ मराठी'. ते जेवढे हसतमुख तेवढे भांडखोर होते, आणि भांडण सगळं कंप्युटरशी.

"ए की काण्डो!" म्हणजे हा काय प्रकार, असं म्हणून ते टेबलावर थाप मारायचे. "देखो, देखो इसका काम! आदमी है कि क्या है?" आणि खाड्खाड् तक्रार लिहायला बसायचे. दिवसाला वीस-वीस तक्रारी. "दूसरे का गलती पकड़ पकड़ के बेटी का शादी दिया हम," असं मला अभिमानानं सांगायचे.

कामाची यादी ताई रोज मराठीत छापून द्यायच्या. पासवर्ड बदला. चित्र शोधून उघडा. पानभर मजकूर लिहा, जतन करा, कंप्युटर बंद करून पुन्हा सुरू करा, तोच मजकूर उघडा. प्रत्येक कामापुढं दोन रकाने होते. पहिला, 'काम झाले का?' दुसरा, 'अडचण आली का?' अडचण आली असेल तर ती सविस्तर लिहायची.

पहिल्याच दिवशी मला अक्षरं नीट दिसेनात. ओळीच्या खालचे उकार निम्मे कापल्यासारखे वाटायचे. मी डोळे चोळले, पडद्याजवळ गेलो, मागं सरकलो. संध्याकाळी शियालद्याला डोळे तपासून घेतले. त्या माणसानं थोडासा नंबर काढला, चष्मा दिला. दुसऱ्या दिवशी चष्मा लावून बसलो तर उकार कापलेलेच. म्हटलं, सवय व्हायला वेळ लागत असेल. पुढं-मागं बघून शब्द ओळखायला शिकलो. वहीत लिहिलं : 'नजर कमी. चष्मा केला. अजून नीट दिसत नाही.' आणि रकान्यात लिहिलं : काम झाले. अडचण : नाही.

पासवर्ड मी मराठीत ठेवला. पाणी पिऊन आलो तर कंप्युटरला कुलूप लागलेलं आणि पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं. मराठी काही केल्या येईना. तासभर मी पडद्यासमोर हात जोडल्यासारखा बसून होतो. शेवटी कंपनीतल्या एकाने येऊन उघडून दिला. वहीत : 'पासवर्ड मराठीत ठेवला, चूक. आकड्यात ठेवावा.' रकान्यात : झाले. नाही.

एखादा प्रश्न विचारणारी चौकट यायची. त्यातलं मराठी वाक्य इतकं लांब असायचं की खालची होय आणि नाहीची बटणं चौकटीबाहेर जायची. मी अंदाजानं कुठं होय आणि कुठं नाही ते हेरलं, दोन दिवसांत पाठ केलं. झाले. नाही.

काम होत होतं ना! गाळ्यातही कधी काम अडलं असं झालं नाही. मूस तडकली तर दुसरी घ्यायची. भट्टीनं साथ दिली नाही असं कुणी म्हणत नसतं.

घरी बायको विचारायची, "अहो, आज किती वेळा खोकला आला?"

"सकाळी एकदाच."

"आणि त्या कंप्युटरला अजून अहो-जाहो करताय का?"

ती हसायची. बऱ्याच दिवसांनी हसायला लागली होती. कपड्यांना तेजाबाचा वास यायचा बंद झाला म्हणून तिनं माझे सगळे सदरे पुन्हा धुऊन दोरीवर घातले होते. त्या दोरीकडं बघताना मला भीती वाटायची. हे सगळं माझ्या लायकीपेक्षा जास्त आहे आणि कधीतरी कुणाच्या तरी ते लक्षात येईल, ही ती भीती. म्हणूनच अडचण लिहायची नाही. अडचण लिहिली की कळणार, याला येत नाही.

---

दर शुक्रवारी ताई आमचे कागद घेऊन बसायच्या.

"काहीच अडचण नाही? खरंच?"

"नाही ताई. छान चाललंय."

"कमाल आहे. बंगालीवाल्यांनी मला जेरीस आणलंय."

दादा मागून ओरडायचे, "हम नहीं, मैडम, मशीन ने!" मग माझ्याकडं वळून, "ओ मराठी, तुम्हारा मशीन झगड़ा नहीं करता?"

"नहीं दादा."

"बहुत भद्रलोक मशीन मिला है तुमको. बिलकुल तुम्हारे माफिक."

सातव्या आठवड्यात ते पत्राचं काम आलं. कुणाला तरी खरंखुरं पत्र लिहा, असं यादीत होतं. मी आईला लिहिलं. आईला वाचता येत नाही, भाऊ वाचून दाखवतो, म्हणून आजवर पत्रात भावाला चालेल एवढंच लिहायचो. हे पत्र कुठं जाणार नव्हतं, त्यामुळं मी सगळं लिहिलं. छातीच्या फोटोचं, डॉक्टरांच्या अर्ध्या वाक्याचं, नववीत शाळा सुटली त्या दिवशी ती मला एसटीत बसवून मागं वळली आणि तिच्या पाठीकडं बघत मी दप्तर मांडीवर धरलं होतं, त्याचं. दीड पान झालं. एरवी फाईलला तारखेचे आकडे द्यायचो, या वेळी नाव दिलं 'आईला पत्र'. जतन केलं, बंद केलं, सुरू केलं.

पत्र नव्हतं. नाव दिसायचं, पण उघडायला गेलं की कोरं पान. थोड्या वेळानं नावही गेलं.

मी पुन्हा लिहिलं. तसं जमलं नाही, अर्धं पानच झालं. पुन्हा तेच नाव, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी चार ओळी लिहून नाव दिलं '१', आणि ते राहिलं. वहीत लिहिलं : 'फाईलला मराठी नाव दिले, चूक. नाव आकड्यात द्यावे.'

पण लिहिता लिहिता हात थांबला. पासवर्ड मराठीत ठेवला तेव्हा अडलं. नाव मराठीत ठेवलं तेव्हा गेलं. सोनं तेच, हात तोच, आणि चूक प्रत्येक वेळी मराठीच्याच जागी कशी होते? मी मागची पानं उलटली. नव्वदच्या वर चुका होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा मला शंका आली की यातल्या सगळ्याच माझ्या नसतील.

शुक्रवारी मी वही सदऱ्यात घालून ताईंसमोर उभा राहिलो. मनात वाक्य जुळवलं होतं. ताईच आधी बोलल्या. त्यांच्या हातात मिठाईचा डबा होता.

"कालच्या बैठकीत मी सांगितलं, सगळ्या भाषांत मराठी सर्वांत स्वच्छ आहे. एकसुद्धा दोष नाही. आमचे वरचे साहेब म्हणाले, असा माणूस कुठून मिळवलात? घे, संदेश आहे. घरी ने."

मी डबा घेतला. सदऱ्यातली वही पोटाला टोचत होती. आता तोंड उघडलं तर त्यांचा शब्द खोटा पडणार होता. ज्या माणसानं मला धुरातून बाहेर काढलं, त्याचा.

"थँक्यू ताई," मी म्हटलं.

तिथून पुढं चार आठवडे मी 'नाही' लिहिलं ते जाणूनबुजून. आधीचे सात आठवडे अज्ञान होतं. हे चार नव्हतं. एवढं तरी सरळ लिहितो.

---

अकराव्या आठवड्यात ताईंनी आम्हा दोघांना बसवलं. बंगालीत इतके दोष निघाले होते की ते दुरुस्त होतील तसतसे पुन्हा तपासायला माणूस लागणार होता. दादांना वर्षभरासाठी घेतलं होतं. मराठीत काही निघालंच नव्हतं, त्यामुळं मराठीचं काम बंद झालं होतं. आवृत्ती पुढं गेली होती.

ताई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "मी खूप प्रयत्न केला. पण तू इतकं चांगलं केलंस की कामच संपलं." त्यांना खरंच वाईट वाटत होतं आणि खरंच अभिमानही होता. मी मान हलवली. मला दोरीवरचे सदरे आठवले.

शेवटच्या दिवशी मी टेबल आवरत होतो. चष्मा, डबा, पाण्याची बाटली. दादा उगाच माझ्या वस्तू उचलून पिशवीत भरायला मदत करत होते. वही हातात आली तशी उघडली. देवनागरी त्यांना येत होती, शाळेत हिंदी शिकलेले. ते मोठ्यानं अक्षर लावून वाचू लागले, "पास-वर्ड म-राठीत..." आणि पानं उलटू लागले. एक पान, दुसरं, तिसरं. चाळीस वर्षं मुद्रितं तपासलेला माणूस, त्यांना भाषा कळायची गरज नव्हती.

"ये क्या लिखा है तुम?"

"अपना गलती, दादा."

"अपना?" त्यांनी वही माझ्यासमोर नाचवली. "पागल! ये तुम्हारा गलती नहीं, ये सब उसका गलती है! यही तो लिखना था! इसी का तो नौकरी था!"

मी काही बोलायच्या आत ते वही घेऊन ताईंच्या खोलीकडं पळाले. त्या वयात, धोतर-झब्ब्याचा माणूस पळावा तसे, एका हातानं धोतर वर धरून.

ताईंनी उभ्याउभ्या वाचलं. मग बसून वाचलं.

"हे मला का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, माझ्या चुका आहेत."

"सगळ्या? शेवटपर्यंत असंच वाटलं?"

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती. "नाही. नंतर कळलं. पण तोवर तुम्ही वर सांगून बसला होता."

त्यांनी डोळे मिटले. "परवा मी लिहून दिलंय," त्या म्हणाल्या, "मराठीत दोष आढळला नाही. खाली माझी सही आहे."

मला वाटलं त्या रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी खुर्ची ओढली, कंप्युटर उघडला आणि म्हणाल्या, "वाच. एकेक."

ती सगळी दुपार मी माझ्या चुका मोठ्यानं वाचत होतो आणि ताई त्या इंग्रजीत लिहून वर पाठवत होत्या. दादा चहा आणून ठेवत होते, तो निवत होता. 'नजर कमी, चष्मा केला' हे वाचलं तेव्हा ताईंची बोटं थांबली. त्यांनी माझ्या नाकावरच्या चष्म्याकडं बघितलं.

"हा त्यासाठी घेतलास?"

"हो."

"काढ तो," त्या म्हणाल्या. मी काढला. तसाही त्यातून जास्त काही दिसत नव्हतं.

'आईला पत्र' आलं तेव्हा त्यांनी विचारलं, "काय लिहिलं होतंस त्यात?"

"काही नाही ताई. असंच. खुशाली."

आठ-दहा दिवसांनी उत्तर आलं, ते त्यांनी फोनवर सांगितलं. मुदत संपली आहे, पुढच्या आवृत्तीच्या वेळी विचार करू. हे सगळं आधी का कळवलं नाही, अशीही विचारणा झाली होती.

"तुम्ही काय सांगितलंत?"

"तुझं नाव घेतलं नाही," ताई म्हणाल्या. "माझंच दुर्लक्ष झालं म्हटलं."

पुढच्या महिन्यात त्यांना दुसऱ्या कामावर टाकलं आणि होळीनंतर त्या कोलकाता सोडून गेल्या. यजमानांची बदली झाली, असं मंडळात म्हणाले. असेलही. जाताना कपाटाची किल्ली त्यांनी माझ्याकडं दिली. एका माणसानं मला दोनदा वाचवावं आणि मी त्याला एकदाही नाही, याचा हिशोब मला मामांच्या रीतीतही बसवता येत नाही.

---

मी भट्टीवर परत गेलो. दुसरं काही मिळेना. मामांनी जागा करून दिली. फक्त धुराच्या बाजूनं नको, दाराकडच्या बाजूनं बस म्हणाले. दाराकडं बसलं तरी धूर यायचा तेवढा येतोच. बायकोनं सदरे वेगळे धुवायला सुरुवात केली आहे. किती वेळा खोकला आला हे ती विचारत नाही, भिंतीपलीकडून ऐकते. संध्याकाळची वहीची रीत आहेच. मी अजून लिहितो, पण लिहिताना पेन जड जातं. आता मला माझी चूक कुठली आणि तेजाबाची कुठली ते ठरवता येत नाही.

नवी आवृत्ती बाजारात आली. दादांचा फोन आला होता, "बंगाली फर्स्ट क्लास चल रहा है, ओ मराठी," आणि मग एकदम विचारलं, "तुम कैसा है?"

गेल्या महिन्यात रविवारी मंडळाचं कपाट उघडून बसलो होतो. बजबजहून एक काका आले. तिथल्या तेलाच्या डेपोत आयुष्य गेलं त्यांचं, निवृत्त झाल्यावर तिथंच राहिले. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. लोकलनं, मग बसनं, मांडीवर लॅपटॉपची पिशवी सांभाळत आले होते. मुलानं नवीन लॅपटॉप पाठवला होता, मराठीत चालणारा.

"तू त्या कंप्युटरच्या कंपनीत होतास ना रे?"

"तीनच महिने, काका."

"तरी तुला माझ्यापेक्षा कळेल. बघ जरा. रोज थोडं थोडं लिहीत होतो. तुझ्या काकूबद्दल. तिच्या माहेरापासून सगळं. चाळीस पानं झाली होती. काल बंद केला, आज उघडला तर दिसेना."

मला विचारायची गरज नव्हती. तरी विचारलं, "नाव काय दिलं होतं फाईलला?"

"तिचंच नाव."

"मराठीत?"

"मग काय इंग्रजीत?" ते हसले.

मी लॅपटॉप उघडला. सगळीकडं शोधलं. जिथं काही मिळणार नाही हे ठाऊक होतं तिथंही शोधलं, कारण ते माझ्या चेहऱ्याकडं बघत होते. पडद्यावरचे उकार निम्मे कापलेले होते. चष्मा नसताना मला ते आता चांगले ओळखू येतात.

"गेलं, काका."

ते गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "मीच काहीतरी चुकीचं दाबलं असणार."

"नाही काका. तुमची काहीच चूक नाही. चूक त्याची आहे."

"अरे, त्याची कशी असेल? जगभर चालतं ते. एवढी शिकलेली माणसं बसवतात." त्यांनी माझ्या दंडावर थोपटलं, धीर मला हवा असल्यासारखं. "वय झालं माझं. हात थरथरतो हल्ली. ते जाऊ दे. पुन्हा लिहीन म्हणतो, जमेल तसं. तर आता जाऊ नये म्हणून काय करायचं ते सांग."

मला त्यांना सगळं सांगायचं होतं. वहीचं, रकान्याचं, संदेशच्या डब्याचं. ताईंचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे, तो लावून त्यांच्या तोंडून ऐकवावं असंही मनात आलं. काका वाट बघत होते. त्यांना परतीची लोकल गाठायची होती.

"नाव आकड्यात द्यायचं," मी म्हटलं. "एक, दोन, असं."

काकांनी खिशातून छोटी डायरी काढली, पेनाचं टोपण उघडलं आणि थरथरत्या हातानं, सावकाश, शाळेतल्या पोरासारखं लिहून घेतलं : तिचं नाव देऊ नये.